कीटो आहारावरच्या मुलाचं पोट: आधी मोकळं करा, मग चालू ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा साडेपाच वर्षांचा, वजन १४ किलो. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी सात आठवड्यांपासून ४:१ कीटोजेनिक आहार (वजनानं चार भाग स्निग्ध पदार्थ, तर प्रथिनं-कर्बोदकं मिळून एक भाग) चालू आहे. दिवसाला वीस-बावीस फिट्स यायच्या, त्या आता तीन-चारवर आल्यात. पण शी पाच-सहा दिवसांनी होते आणि तीही खड्यांसारखी. परवापासून चड्डीला पातळ डाग लागतायत. पाणी दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर जातं. डॉक्टरांनी शी मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप लिहून दिलंय, शेजारच्या काकू इसबगोल सुचवतायत, सासूबाईंनी मनुका भिजत घातल्यात आणि एरंडेलाची बाटलीही काढून ठेवलीय. आईला विचारायचंय की यातलं काय देऊ, की आहारच सोडून देऊ?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आहार सोडू नका, आणि एकदम तर अजिबातच नको. बावीसवरून चारवर आलेल्या फिट्स सहजी मिळत नाहीत. निव्वळ बद्धकोष्ठापायी आहार बंद करावा लागलेलं मूल मला इतक्या वर्षांत क्वचितच भेटलं. तुमच्या मजकुरात माझी नजर अडकली ती चड्डीच्या डागांवर. तुम्ही म्हणता, ‘आता पातळ होतेय, म्हणजे सुटलं असावं.’ मला वाटतं, ते सुटलेलं नाही, चांगलंच तुंबलंय.

आतड्याच्या शेवटच्या भागात शीचा टणक गोळा बसतो. वरून येणारी पातळ शी त्याच्या कडेकडेनं झिरपते आणि मुलाला न कळता चड्डीत उतरते. नाल्यात दगड अडकला तरी पाणी बाजूनं वाट काढतंच, तसं. आम्ही याला ओव्हरफ्लो म्हणतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, मग पोट साफ करायचं औषध बंद होतं, एखादा औषधवाला जुलाब थांबवायची गोळी देतो आणि आतला दगड आणखी घट्ट होतो. पाच-सहा दिवसांनी होणारी खडा शी आणि मधूनमधून पातळ डाग, एवढं एकत्र दिसलं की जुलाब हा शब्द डोक्यातून काढून टाकायचा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पोट पूर्ण मोकळं करायचं, मग ते रोज चालू ठेवायचं. तुमच्या घरात जे सुचवलं जातंय त्यातलं जे बरं आहे ते दुसऱ्या टप्प्याचं आहे, आणि ते पहिल्या टप्प्यात दिलं तर उलटतं. हे मी पुस्तकातून शिकले नाही. या कामाच्या दुसऱ्याच वर्षी एका सात वर्षांच्या मुलीला मी इसबगोल सुरू करून दिलं. पाणी किती पितेय ते विचारलं, पण मोजायला सांगितलं नाही. पोट हातानं तपासून घ्यावं असं डॉक्टरांना सुचवायचंही राहिलं. चार दिवसांनी तिचं पोट ढोलकीसारखं फुगलं आणि पोरीला भरती करून एनिमा द्यावा लागला. इसबगोल पाणी शोषून फुगतं, तीच त्याची करामत. पुढे वाट बंद असेल आणि वरून पाणी नसेल, तर फुगलेला लगदा जाणार कुठे? तेव्हापासून माझ्या पहिल्या तपासणीच्या कागदावर सगळ्यात वर ‘शी शेवटची कधी, कशी’ हे असतं. फिट्सचा तक्ता त्याच्या खाली.

तर उद्याच्या उद्या बालरोगतज्ज्ञांकडे किंवा तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा. ते पोट दाबून बघतील, बहुतेक वेळा डाव्या कुशीत खाली गोळा हाताला लागतो. त्यांना एकच विचारा: याला पॉलिइथिलिन ग्लायकॉल देता येईल का? आम्ही त्याला नुसतं ‘पेग’ म्हणतो. कीटो आहारातल्या मुलांसाठी माझी पहिली पसंती हीच. कारण साधं आहे. ते आतड्यात जवळपास शोषलंच जात नाही, त्यात साखर नाही, सोबत घेतलेलं पाणी धरून ठेवून ते शी मऊ करतं आणि तसंच बाहेर पडतं. कीटोनला, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळताना रक्तात तयार होणाऱ्या आणि या आहारात टिकवून ठेवायच्या पदार्थांना, त्याचा धक्का लागत नाही.

डोस डॉक्टरच ठरवतील. तरी ढोबळ हिशेब तुम्हाला ठाऊक असावा, म्हणजे चमचाभर पावडर देऊन ‘काही फरक नाही’ म्हणत बसायची वेळ येणार नाही. तुंबलेलं पोट मोकळं करताना साधारण १ ते १.५ ग्रॅम दर किलोमागे रोज, ३ ते ६ दिवस. तुमच्या मुलासाठी हे १४ ते २१ ग्रॅम होतं. नंतर रोज चालू ठेवायचा डोस ०.४ ते ०.८ ग्रॅम दर किलोमागे, म्हणजे साडेपाच ते अकरा ग्रॅम. आहाराच्या काट्यावर तुम्ही लोणी मोजता, त्याच काट्यावर पावडर मोजा. मोकळं करायच्या दिवसांत पोटात कळा येतील, चड्ड्या खराब होतील, एखाद्या दिवशी तीनदा आंघोळ घालावी लागेल. शाळा किंवा थेरपी असेल तर ते चार दिवस सुट्टी काढा. खडे संपून शी पातळ आणि भरपूर झाली की मोकळं झालं समजायचं, आणि डॉक्टरांना विचारून डोस खाली आणायचा. बंद करायचा नाही.

औषधाच्या दुकानात दोन गोष्टी तपासा. कोलोनोस्कोपीच्या आधी पोट धुऊन काढण्यासाठी पेगचं एक मोठं पाकीट मिळतं, त्यात क्षार असतात आणि ते दोन लिटर पाण्यात कालवायचं असतं. ते तुमचं नव्हे. दुसरी गोष्ट, संत्र्या-लिंबाच्या स्वादाच्या पुड्यांच्या मागचा बारीक मजकूर वाचा. सॉर्बिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन, सुक्रोज यातलं काही दिसलं तर बिनस्वादाची पावडर मागा. ‘शुगर-फ्री’ लिहिलंय म्हणून कर्बोदकं नाहीत असं होत नाही, हे तुम्ही खोकल्याच्या सिरपच्या वेळी शिकलाच असाल. आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाला लागू नसेलही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईला लागेल. ज्या मुलांना गिळताना ठसका लागतो म्हणून पाणी दाट करून देतात, त्यांच्या स्टार्चवाल्या पावडरीबरोबर पेग मिसळलं की ते दाट पाणी पुन्हा पातळ होतं आणि श्वासनलिकेत जायची भीती असते. शिवाय ती पावडर स्टार्चची, म्हणजे कर्बोदकच. अशा मुलांच्या बाबतीत आधी स्पीच थेरपिस्टशी बोला.

आता लॅक्टुलोज. तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं यात काहीच वावगं नाही, एरवी मुलांमध्ये ते सर्रास वापरतात. लॅक्टुलोज स्वतः पचत नाही. पण सिरप बनवताना त्यात थोडं गॅलॅक्टोज आणि लॅक्टोज राहतं, १५ मिलिला दोघं मिळून पावणेतीन ग्रॅमांपर्यंत असू शकतं. एरवीच्या मुलाला त्याचं काय! तुमच्या मुलाला मात्र दिवसाची कर्बोदकं दहाच ग्रॅम आहेत. सिरपच घ्यायची वेळ आली तर आहारतज्ज्ञाला सांगून तेवढी कर्बोदकं जेवणातून वजा करता येतात. पण मग कमी होणार काय? भाजी. आणि भाजी कमी केली की ज्यासाठी सिरप दिलं तेच वाढणार. सिरप पोटात गॅसही करतं. पेग मिळत असताना मी त्या वाटेला जात नाही.

मनुकांबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, आकडा सांगा. दहा ग्रॅम मनुकांत सात ग्रॅमांहून जास्त कर्बोदकं, आणि भिजवल्यावर त्यातली साखर पाण्यात उतरते. वाटीभर मनुकांचं पाणी म्हणजे दिवसभराच्या मेहनतीवर सरळ पाणीच. मध, गुलकंद, अंजीर, उसाचा रस, पिकलेलं केळं यांचंही तेच. शहाळं निष्पाप वाटतं, पण एका शहाळ्यात दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा संपतो. एरंडेल मी नको म्हणते ते साखरेसाठी नाही. त्यानं जोराच्या कळा येतात, एकदम पाणी जातं, आणि आधीच कमी पाणी पिणाऱ्या कीटोच्या मुलाला तो झटका परवडत नाही. पॅराफिनवालं पांढरं औषध दुकानदार हातात ठेवेल, तेही विचारल्याशिवाय नको. ज्या मुलांना ठसका लागतो किंवा फिटमध्ये उलटी होते, त्यांच्या फुप्फुसात ते तेल गेलं तर वाईट न्यूमोनिया होतो. चूर्णं, काढे आणि ‘नैसर्गिक’ सिरपं यांत गूळ-साखर किती हे बाटलीवर धड लिहिलेलं नसतं, म्हणून ती माझ्याकडे आपोआपच बाद. साबणाच्या पाण्याचा एनिमा घरी कधीच देऊ नका. अगदीच अडलं तर ग्लिसरीनची सपोझिटरी चालते. ती गुदद्वारातून देतात, तिचा आहाराच्या हिशेबावर फारसा परिणाम होत नाही. पण तीही आठवड्यातून दोनदा लागायला लागली तर रोजचा डोस कमी पडतोय असं समजा.

‘रोज औषध दिलं तर आतड्याला सवय लागेल ना?’ हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. पेगची तशी सवय लागत नाही. माझ्याकडची बरीच मुलं आहार चालू असेपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, कमी-जास्त डोस घेतात आणि आहार संपला की औषधही संपतं. खरी सवय लागते ती तुंबण्याची. आतडं ताणून ताणून सैल पडतं, मुलाला शी आल्याचं कळेनासं होतं, आणि मग काम महिन्यांचं होऊन बसतं.

हे होतं कशानं, तेही समजून घ्या. तुमच्या मुलाचं ताट डोळ्यांसमोर आणा. एक हजार कॅलरी धरल्या, तर ४:१ मध्ये १०० ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम. वाढीसाठी प्रथिनं १५ ग्रॅम ठेवली की कर्बोदकांना उरले १०. म्हणजे अख्खं जेवण एका वाटीत मावतं: क्रीम, लोणी, अर्धं अंडं, दोन चमचे भाजी. पोटात गेलेल्यातलं जवळपास सगळं पचून अंगी लागतं, मग मागे शी व्हायला उरणार काय? त्यात स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात. या मुलांपैकी कित्येक चालत नाहीत किंवा अंगानं ढिली असतात, त्यामुळे पोटाचे स्नायूही जोर लावत नाहीत. वरून कॅल्शियमची गोळी, कधी लोहाचं औषध, दोन्ही बद्धकोष्ठ करणारी. (लोहानं शी काळी होते, त्याला घाबरू नका. पण लोह चालू नसताना काळी डांबरासारखी झाली तर मात्र लगेच दाखवा.)

म्हणून सगळं जमवूनही अडतच असेल तर मी प्रमाणाकडे बघते. त्याच हजार कॅलरी ३:१ मध्ये बसवल्या तर स्निग्ध पदार्थ ९७ ग्रॅमांच्या आसपास येतात आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून ३२. प्रथिनं तीच ठेवली तर कर्बोदकं १० वरून १७ वर जातात. दुधी, पडवळ, दोडका असल्या भाज्यांत शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच कर्बोदकं असतात. म्हणजे त्या सात ग्रॅमांत भाजीची अख्खी वाटी वाढते, दोनही वाढतील. पुष्कळ मुलांच्या फिट्स ३:१ वरही तितक्याच ताब्यात राहतात, काहींच्या राहत नाहीत. हे घरी करायचं काम नव्हे. टीमला विचारायचं, आणि सातव्या आठवड्यात नको. तीन महिने होऊ द्या.

हिशेबाचीच एक गोम सांगते, कारण या चुकीनं मी आई-बाबांना विनाकारण रडताना पाहिलंय. अमेरिकन तक्त्यांत कर्बोदकांच्या आकड्यात तंतूही धरलेले असतात, म्हणून तिथे तंतू वजा करावे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेल्या भारतीय तक्त्यांत तंतू आधीच वेगळे काढलेले आहेत. मोबाइलवरचं अ‍ॅप पाहून एकीकडचा आकडा आणि दुसरीकडची वजाबाकी केली की तंतू दोनदा वजा होतात, भाजी जास्त पडते, कीटोन घसरतात, आणि मग ‘भाजी याला सोसत नाही’ असा निष्कर्ष काढून ती बंदच होते. तुमची टीम कोणता तक्ता वापरते ते विचारा आणि तोच धरा.

पाण्याचं बोलू. मी शिकत होते तेव्हा काही ठिकाणी या मुलांना पाणीसुद्धा मोजून, गरजेपेक्षा कमी द्यायची पद्धत होती. कीटोन पातळ होऊ नयेत म्हणे. त्यात तथ्य निघालं नाही. उलट मुलांना मूतखडे आणि बद्धकोष्ठ व्हायचं. आता तसं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुमच्या मुलाचा हिशेब असा: पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिलि, पुढच्या ४ किलोंना ५० मिलि, एकूण १२०० मिलि. तो पितोय अर्धा लिटर. क्रीम आणि भाजीतलं पाणी धरलं तरी निम्म्याच्या थोडं वर. उन्हाळ्यात आणखी लागतं. फिट्सच्या औषधांपैकी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर ते घामही कमी करतं आणि मूतखड्यांचा धोकाही वाढवतं, तेव्हा पाणी आणखीच महत्त्वाचं.

पण पेला भरून समोर ठेवला तर तो पिणार नाही, आणि एकदम ढोसलं तर उलटी करेल. एक लहान फुलपात्र घ्या, त्यात ६० मिलि किती ते एकदा मोजून आतून खूण करा. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत दर तासाला एक फुलपात्र. तेवढ्यानंच साडेआठशेच्या आसपास होतं, उरलेलं जेवणातून आणि पेगबरोबर जातं. साध्या पाण्याचा कंटाळा आला तर साखर न घालता आमसुलाचं पातळ पाणी, लिंबाचे दोन थेंब टाकलेलं मिठाचं पाणी, घरी चालत असेल तर मटणाचं अळणी गाळून. यांतले थेंबही आहारतज्ज्ञाला सांगून.

पाणी वाढवलं की लघवीच्या पट्टीचा जांभळा रंग फिका दिसेल. त्याच रात्री तुम्ही घाबरून मला फोन कराल, म्हणून आत्ताच सांगते: लघवी पातळ झाली की तीच पट्टी फिकी दिसते, रक्तातले कीटोन तेवढेच असतात. शंका असेल तर बोटातून रक्ताचे कीटोन तपासा. पट्टीचा रंग टिकवायला म्हणून पाणी कमी करणारे बाबा मी पाहिलेत. मूल मात्र तापलेलं आणि सुकलेलं.

पोट मोकळं झाल्यावरच तंतूंकडे वळा. मुलाचं वय अधिक पाच, एवढे ग्रॅम तंतू रोज हवेत असा एक ढोबळ नियम आहे, तुमच्याकडे म्हणजे दहा-साडेदहा. ४:१ मध्ये ते पुरे होत नाहीत, जेवढे जमतील तेवढे. आपल्याकडची खरी मदत जवसाची. १० ग्रॅम जवसात साधारण पावणेतीन ग्रॅम तंतू, चार ग्रॅमांहून थोडी जास्त स्निग्धता, प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम, आणि वापरता येणारी कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. भाजून, बारीक पूड करून, मीठ-जिरं घालून तुपात कालवा. अख्खे दाणे जसे जातात तसे बाहेर येतात, म्हणून पूड हवीच. सुरुवात २ ग्रॅमांनी, आठवड्यानं वाढवा, आणि ते जेवणाच्या गणितात बसवून, वर भुरभुरून नाही. ओलं खोबरं, तीळ, बदामाची पूड, मिळत असेल तर अवोकॅडो, हेही याच गटातलं. चिया मागितली तर पुष्कळ किराणावाले सब्जा देतात. दोन्ही भिजल्यावर फुगतात, कोरडी पोटात गेली तर अडकतात, म्हणून पूर्ण भिजलेलीच द्यायची. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झलेटनं मूतखड्याची भीती वाढते. आठवड्यात एखादवेळ चालेल. त्याऐवजी मेथी, कोबी, फ्लॉवर, भेंडी आलटूनपालटून. इसबगोल देता येतं, साधंच, चवीचं नको, भरपूर पाण्यासह आणि फिट्सच्या औषधापासून दोन तास दूर. नळीनं जेवणाऱ्या किंवा ठसका लागणाऱ्या मुलाला मात्र अजिबात नाही.

कीटो आहारात वापरतात त्या एमसीटी तेलाचा (मध्यम लांबीच्या साखळीची स्निग्धाम्लं असलेलं तेल) इथे एक फायदाच होतो. त्याचा जो त्रास एरवी सांगतात, पोट ढिलं होण्याचा, तोच आपल्याला हवा असतो. रोजच्या स्निग्धतेतली थोडी एमसीटीनं बदलायची, पाच मिलिपासून, दोन-तीन जेवणांत विभागून. घाई केली तर कळा आणि जुलाब. खोबरेल म्हणजे एमसीटी तेल, असा कोकणातल्या पालकांचा समज असतो. खोबरेलात त्या कामाचा भाग थोडाच असतो, त्याच्याकडून तेवढी अपेक्षा नको.

बसण्याची सवय औषधाइतकीच कामाची. जेवल्यावर आतडी आपसूक हलतात, म्हणून नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं कमोडवर. पाय लोंबकळत ठेवले तर जोर लागत नाही. पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. उकिडवं बसल्यासारखं. फुगा फुगवायला द्या, फुंकताना पोटाला आपोआप जोर लागतो. रागवू नका, आणि शी झाली नाही तरी उठू द्या.

इथे एक गोष्ट नीट बघा. शी येते आणि दुखेल या भीतीनं मूल ती रोखून धरतं. तेव्हा ते ताठ होतं, पाय आवळून घेतं, चेहरा लाल होतो, नजर एका जागी खिळते, कधी थरथरतं. घरात फिट्सचा इतिहास असला की हे फिटच वाटतं. एका मुलाच्या तक्त्यात ‘संध्याकाळी तीन फिट्स’ असं रोज लिहिलेलं होतं, औषधाचा डोसही वाढवला गेला होता. आईनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्यूरॉलॉजिस्टनं पाहिला तेव्हा कळलं की मूल शी धरून उभं आहे. म्हणजे तुमच्या तीन-चारांतलीही एखादी अशी असू शकेल. पुढच्या वेळी व्हिडिओ काढा आणि दाखवा, स्वतः ठरवू नका. उलट, पोट तुंबलेलं असताना खऱ्या फिट्स वाढल्याचंही मी पाहिलंय, कारण पोट भरल्यासारखं वाटून मूल जेवण अर्धवट सोडतं, आणि मग कीटोन घसरतात. गुदद्वाराला चीर पडून शीवर लाल रक्ताची रेघ दिसली तर डॉक्टर मलम देतील. ते लावलं की रोखून धरणंही कमी होतं.

नोंद ठेवताना ‘झाली / नाही झाली’ असं लिहू नका, शीचा प्रकार लिहा. ब्रिस्टलचा एक सात चित्रांचा तक्ता आहे. पहिला प्रकार सुटे खडे, दुसरा गाठीगाठींचा दांडका, चौथा मऊ आणि गुळगुळीत, सातवा निव्वळ पाणी. आपल्याला तीन ते पाचमध्ये राहायचंय. एक-दोन दिसायला लागले की त्याच दिवशी पेग थोडं वाढवायचं, किती ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सहा-सात येऊ लागले तर कमी. चार दिवस वाट बघायची नाही.

एवढं सगळं नीट करूनही महिना-दीड महिन्यात सुधारलं नाही, आणि मूल मलूल, थंडावलेलं, वाढ मंदावलेलं दिसलं, तर थायरॉइडची तपासणी मागा. या आहारात काही मुलांचं थायरॉइड मंद होतं. रक्तातले क्षारही बघून घ्या.

आणि हे दिसलं तर घरी थांबू नका: हिरवी उलटी, फुगून कडक झालेलं पोट, वायूही न सरकणं, शीतून भरपूर रक्त, ताप, सुस्ती, जोरजोरानं श्वास, कुशीत कळ किंवा लाल लघवी, फिट्सच्या लागोपाठ रांगा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर तिथला नवा डॉक्टर सवयीनं ग्लुकोजचं सलाईन लावायला घेतो. त्याला सांगा, मूल कीटोजेनिक आहारावर आहे, रक्तातली साखर आधी तपासा, ती कमी नसेल तर बिनग्लुकोजचं सलाईन लावा. साखर खरोखर कमी असेल तर मात्र ग्लुकोज देऊ द्या, तिथे हट्ट नको. हे सगळं न्यूरॉलॉजिस्टकडून एका कागदावर सहीशिक्क्यासह लिहून घ्या, लॅमिनेट करा आणि दप्तरात ठेवा. रात्री दोन वाजता तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा तो कागद जास्त ऐकला जातो.

सासूबाईंना काही तरी करायचंय, आणि त्यांचा हात रिकामा ठेवलात तर मनुका मागच्या दारानं येतील. त्यांना पोटाच्या मालिशीचं काम द्या. जेवणानंतर तासाभरानं, कोमट तेल, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे तळव्यानं हलकेच फिरवायचं: उजव्या बाजूनं वर, फासळ्यांखालून आडवं, डाव्या बाजूनं खाली. मोठं आतडं त्याच वाटेनं जातं. मग सायकल चालवल्यासारखे पाय हलवायचे, दहा मिनिटं पुरे. तेल अंगाला लावायचं आहे, पोटात नाही, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगा. आणि एरंडेलाची ती बाटली तेवढी कपाटाच्या वरच्या फळीवर हलवा.